पहिल्या रविवारचं पत्र

एका निळ्या एअर लेटरवर अख्खं प्रवचन मावतं. अक्षर मुंगीएवढं काढायचं, समास सोडायचा नाही, आणि शेवटचं ‘आमेन’ घडीच्या कडेवर उभं लिहायचं. साठच्या दशकात मी तीन वर्षं केंब्रिजच्या एका धर्मशास्त्राच्या कॉलेजात होतो. तिथे ग्रीक बऱ्यापैकी शिकलो, हिब्रू अर्धवट शिकलो आणि ही कला मात्र पुरती शिकलो.

ती माझ्यावर लादली होती वडिलांनी. नगर जिल्ह्यातल्या एका लहानशा मंडळीचे ते पाळक होते. मंडळी म्हणजे चर्चचे लोक आणि पाळक म्हणजे त्यांचा पाद्री. आमच्याकडे हेच शब्द चालतात. मी निघायच्या आदल्या रविवारी उपासनेत उभं राहून, मला एका शब्दाने न विचारता, त्यांनी जाहीर केलं की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चिरंजीवांचं प्रवचन विलायतेहून येईल आणि ते इथे वाचून दाखवलं जाईल. तीन वर्षांनी चिरंजीव स्वतः येतील आणि ही जागा घेतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या चर्चमध्ये टाळ्या वाजवायची पद्धत नाही, तरी वाजवल्या. मी पहिल्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो, बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे मुलगी बसते तसा.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी माझी प्रार्थना बंद पडली.

त्या वर्षांत इंग्लंडातल्या धर्मपंडितांना एका चिंतेने घेरलं होतं. रॉकेटं सोडणाऱ्या आणि संध्याकाळभर टेलिव्हिजन बघणाऱ्या माणसाला, देव वर आकाशात आहे हे सांगायचं कुठल्या तोंडाने? कुणी म्हणे, वर नाही, आत खोल आहे असं म्हणा. कुणी म्हणे, देव हा शब्दच काही वर्षं बाजूला ठेवा आणि माणसांशी त्यांच्या भाषेत बोला. चर्चं ओस पडत होती आणि चर्चासत्रांना मात्र बसायला जागा मिळत नव्हती. मी वाद घालायला गेलो असतो तर वाचलो असतो. पण मला ते सगळं पटत गेलं. एका सकाळी खोलीत गुडघे टेकले, ‘हे बापा’ म्हटलं, आणि एकदम वाटलं की आपण भिंतीवरच्या फुलाफुलांच्या कागदाशी बोलतोय. उठलो, पँटचे गुडघे झटकले. राग तर आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळेना.

पहिला रविवार मात्र कुणासाठी थांबत नव्हता. पत्र पोचायला आठ-दहा दिवस धरून मी महिन्याच्या विसाव्या तारखेला प्रवचन पाडायला बसायचो. होय, पाडायलाच. इंग्रजी पुस्तकांतले विचार घ्यायचे, मंडळी दचकू नये म्हणून त्यांचे दात काढायचे आणि मराठी सदरा घालून रवाना करायचे. बाजरी पेरणाऱ्या आणि शाळेत घंटा देणाऱ्या माझ्या माणसांना मी ‘आधुनिक मानवाची पोकळी’ असा शब्दप्रयोग लिहून पाठवला होता. आठवलं की आजही कानशिलं तापतात.

उलट दिशेनेही एक व्यवहार चालला होता. आमचे शिक्षक अत्यंत भले गृहस्थ. सायकलवरून येत, पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून घोट्याला क्लिप लावत आणि ती काढायला विसरून तासभर शिकवत. माझे निबंध वाचून ते हळहळायचे. ‘हे तर कुणीही इंग्रज मुलगा लिहील. तू तुझ्या संस्कृतीतून का बोलत नाहीस?’ त्यांना माझ्याकडून कमळं, आश्रम, गंगा असलं काहीतरी हवं होतं. मी तोवर गंगा पाहिलीसुद्धा नव्हती. ‘ख्रिस्त आणि आजची संस्कृती’ असा विषय त्यांनी तिसऱ्यांदा दिला, तेव्हा वैतागून मी घरचंच लिहिलं.

लिहिलं की माझे वडील शनिवारी चर्चच्या अंगणात कीर्तन करतात. हातात चिपळ्या, मागे पेटी आणि झांज. पूर्वरंगात शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, वचन आणि उत्तररंगात गावातलीच एखादी गोष्ट. ऐकायला हिंदू शेजारीही येऊन बसतात. कीर्तन संपलं की एक म्हातारी रिवाजाप्रमाणे बुवांना बुक्का लावायला पुढे येते. पाळकाने कपाळी बुक्का लावून घ्यावा की नाही, यावर मंडळीच्या पंचांत दोन तट. वडील कपाळाऐवजी हात पुढे करतात, म्हातारी तळहाताला बुक्का लावते आणि दोघं खूष होऊन घरी जातात. शेवटी आईचं लिहिलं. आई पहाटे जात्यावर बसून येशूच्या ओव्या रचून म्हणायची. ऐकायला कुणी नसायचं. मी अंथरुणात जागा असायचो, पण ते तिला माहीत नव्हतं. मी अकरा वर्षांचा असताना ती गेली.

शिक्षक हरखून गेले. ‘आम्ही ज्याच्यासाठी सभा भरवतोय, ते तुझ्या वडिलांच्या अंगणात चालूच आहे!’ काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढंच त्याचं मराठी. पण त्यांनी तो निबंध मला तीन ठिकाणी वाचायला लावला. प्रत्येक ठिकाणी लोकांनी ओल्या डोळ्यांनी माझा हात दाबला आणि शेरीचा, म्हणजे गोडसर वाइनचा, ग्लास पुढे केला. इंग्रजांना मी बाप विकत होतो आणि बापाला इंग्रज. दोन्हीकडे माल खपत होता. रात्री झोप लागायची नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. झोप लागायची, पण सकाळी उठवत नसे.

कॉलेज आम्हाला महिन्यातून दोन शनिवार-रविवार अनुभवासाठी बाहेर पाठवायचं. माझ्या वाट्याला लंडनच्या ईलिंग भागातलं एक चर्च आलं. त्यांनी तळघरात तरुणांसाठी कॉफी बार काढला होता. गिटार वाजायची, तरुण यायचे, कॉफी प्यायचे आणि देवाचा विषय निघाला की सभ्यपणे कोट चढवून निघून जायचे. याला संवाद म्हणत. तिथल्या भाजीवाल्याकडे एकदा मी कोथिंबिरीसाठी हातवारे करत होतो, तर मागून आवाज आला, ‘मिळाली तर मलाही सांगा हो.’ पुण्याचे डोळ्यांचे डॉक्टर होते, जवळच्या हॉस्पिटलात नोकरीला. तेव्हापासून ईलिंगच्या दर खेपेला दुपारचं जेवण त्यांच्याकडे. माणूस देवळात जाणारा नव्हता आणि चर्चचं तर नावच नको. ते मला पाळकबुवा म्हणायचे. ‘या पाळकबुवा, आज किती souls save केले?’ मी म्हणायचो, ‘एकही नाही, कॉफी मात्र संपली.’ सबंध इंग्लंडात मी मनापासून हसायचो ते त्याच घरात.

तिसऱ्या वर्षीच्या जानेवारीत माझा धीर सुटला. उन्हाळ्यात परत जायचं होतं. वडिलांच्या व्यासपीठावर उभं राहून, माझ्याकडे जे नाही ते मी जन्मभर वाटणार होतो. नाही म्हणावं तर वडिलांचं भर मंडळीत दिलेलं वचन मोडणार. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी विसाव्या तारखेला प्रवचनाऐवजी मी खरं लिहिलं. वर लिहिलं, ‘हे मंडळीत वाचू नका, फक्त तुमच्यासाठी आहे.’ खाली लिहिलं, ‘बाबा, मला प्रार्थना येत नाही. पलीकडे कुणी आहे असं वाटत नाही. वर्षभराची प्रवचनं मी इकडून तिकडून जमवून पाठवली. मला ही जागा घेता येणार नाही. मला माफ करा.’ अक्षर तेच, मुंगीएवढं. हाताला दुसरं वळणच राहिलं नव्हतं.

महिना गेला. बहीण सासरी गेल्यापासून वडिलांची खुशाली मला चिटणीसांच्या पत्रांतूनच कळायची. मग एकाच आठवड्यात दोन पत्रं आली, आणि दोन्ही वडिलांची नव्हती.

पहिलं पंचांच्या चिटणीसांचं, मंडळीच्या शिक्क्यासह. ‘आपलं फेब्रुवारीचं प्रवचन ऐकून सर्व मंडळी सद्गदित झाली. आपल्या मातोश्री जात्यावर ओव्या म्हणत आणि ऐकायला कुणी नसे, तरी त्यांनी एक दिवस खंड पाडला नाही. प्रार्थना म्हणजे तेवढंच, हे आपण जे लिहिलंत ते आम्ही विसरणार नाही. पंचांनी एकमताने आपणांस पाळक म्हणून बोलावण्याचा ठराव केला आहे.’

मी ते पत्र उभ्या उभ्या चारदा वाचलं. आईबद्दल मी वडिलांना कधी अक्षरही लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं ते फक्त इंग्रजीत, शेरी पिणाऱ्यांसाठी.

दुसरं पत्र धाकट्या बहिणीचं, सोलापूरहून. दीड वर्षापूर्वी लग्न होऊन ती तिकडे गेली होती; तोवर वडिलांजवळ तीच होती. ‘दादा, मी नगरला चार दिवस राहून आले. तुला सांगायचं नाही अशी बाबांनी शपथ घातलीये, ती मोडतेय. बाबांना दिसत नाही रे. बाळाचा फोटो हातात दिला, तर उलटा धरून मागचा कोरा कागद बघत म्हणाले, अगदी तुझ्यावर गेलाय. मोतीबिंदू आहेत, दोन्हीकडे. तुझी पत्रं मी वाचून दाखवायचे ना. मी गेल्यापासून कुणीच वाचलेली नाहीत. हातात धरून उभे राहतात आणि मनानेच बोलतात. शास्त्रही पाठ आहे ते म्हणतात. कुणाला कळलेलं नाही. ऑपरेशन करा म्हटलं, तर म्हणतात, हॉस्पिटलात गेलो तर पंचांना कळेल, आंधळा पाळक म्हणून घरी बसवतील, जागा दुसऱ्याला जाईल. दादा येईपर्यंत ती धरून ठेवतो.’

म्हणजे माझा कबुलीजबाब हातात धरून वडील व्यासपीठावर उभे राहिले होते. मला माफ करा, असं ज्या कागदावर लिहिलं होतं तोच कागद धरून ते माझ्या नावाने आईबद्दल बोलले, लोक रडले आणि त्या रडण्याने मला बोलावणं आलं. मी सुटायला म्हणून जे पत्र पाठवलं, त्यानेच दार बाहेरून लागलं.

शनिवारी ईलिंगला डॉक्टरांना वडिलांच्या डोळ्यांचं तेवढं सांगितलं. ते वरणभात कालवता कालवता म्हणाले, ‘मोतीबिंदू? अहो, त्यात काय एवढं! Perfectly routine. आठ-दहा दिवस पडून राहायचं, मग जाड भिंगांचा चष्मा. पुण्यात माझा क्लासमेट आहे, मी लिहून देतो, तो सगळं बघेल. वडिलांना फक्त तिथे पोचवा.’ तिथल्या तिथे त्यांनी चिठ्ठी लिहिली, पाकिटात घातली, पत्ता घातला. मला नुसतं तिकीट लावून पेटीत टाकायचं होतं.

ती चिठ्ठी माझ्या ओव्हरकोटाच्या आतल्या खिशात सहा आठवडे राहिली.

विसरलो नव्हतो. रोज पेटीवरून जात होतो. वडिलांना दिसायला लागलं की ते पहिली गोष्ट काय करतील हे मला ठाऊक होतं. माझी पत्रं ते ट्रंकेत ठेवत. ते ती ट्रंक उघडणार होते. जोवर त्यांना दिसत नाही तोवर मी त्यांचा गुणी मुलगा होतो. दुसऱ्या कुठल्याही शब्दांत सांगून उपयोग नाही, मी माझ्या बापाला आंधळा ठेवत होतो. तोंडाने ख्रिस्ती धर्म आणि आधुनिक माणसाची अवस्था यांवर चर्चा करत होतो आणि खिशात ती चिठ्ठी. लाज वाटायची, तरी खिशातला हात पाकिटाला लागला की मी तो बाहेर काढायचो.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात कुणाला तरी सांगावं म्हणून शिक्षकांकडे गेलो. सगळं सांगितलं, पत्र, डोळे, ठराव, चिठ्ठी. मग त्यांचे डोळे चमकले. ‘काय विलक्षण प्रतिमा आहे! आंधळा मेंढपाळ, हातात न वाचलेली अश्रद्धा, आणि मुखातून श्रद्धा. आजच्या चर्चचं चित्रच आहे हे. तू हे लिहिलंच पाहिजेस.’

तीन वर्षांत मी त्या देशात आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. ‘प्रतिमा नाही ती,’ मी ओरडलो, ‘बाप आहे माझा!’ ते बिचारे खुर्चीतून अर्धवट उठले, पायातली क्लिप टेबलाला अडकली. मला त्यांची दयाही आली. कारण मी तरी दुसरं काय केलं होतं? अंगणातला बाप आणि जात्यावरची आई मीच तर त्यांच्या टेबलावर आणून ठेवली होती. माफी न मागता बाहेर पडलो, कोपऱ्यावर तिकीट घेतलं आणि चिठ्ठी पेटीत टाकली. सोलापूरला बहिणीला लिहिलं की बाबांना काहीही करून पुण्याला ने. त्यांना सांग, मीच म्हणालोय. चिटणीसांना दोन ओळींत कळवलं की उन्हाळ्यापर्यंत उत्तर देतो.

मग नुसतं थांबणं. मे महिन्यात एक डोळा झाला, जूनमध्ये दुसरा. हॉस्पिटलात जायचं म्हणून वडिलांनी मंडळीकडून रजा घेतली, ती मुलीच्या आजारपणाचं कारण सांगून. बहीण पत्रात लिहायची, बाबा कुरकुर करताहेत, नर्सला स्तोत्रं शिकवताहेत. मी इकडे परीक्षेचे पेपर लिहीत होतो. काय लिहिलं ते आठवत नाही. पास झालो.

जुलैत बहिणीचं पत्र आलं. ‘दादा, चष्मा आला. भिंगं इतकी जाड आहेत की बाबांचे डोळे बशीएवढे दिसतात. काल घरी पोचलो, आणि पाणीसुद्धा न पिता त्यांनी तुझी सगळी पत्रं ट्रंकेतून काढली. तारखेप्रमाणे लावलीयेत आणि दारात उजेडाला बसलेत. मी चहा नेऊन ठेवला, तो तसाच गार झाला.’ पत्रावरची तारीख नऊ दिवस जुनी होती. म्हणजे मी हे वाचत होतो तेव्हा त्यांचं वाचून झालेलं होतं. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि जेवणाची घंटा झाली तरी खाली गेलो नाही.

वडिलांचं पत्र त्यानंतर दोन आठवड्यांनी आलं. अक्षर वेडंवाकडं, बोटभर उंचीचं, ओळी उताराला लागलेल्या. ते मी जपून ठेवलं आहे. असं आहे:

‘चिरंजीवास सलाम. सर्व पत्रं वाचली. पहिल्या वर्षाची ठीक. नंतरची प्रवचनं भिकार आहेत, बरं झालं वाचली नाहीत. जानेवारीचं पत्र चांगलं आहे. तू वाचू नका म्हटलंस, पण ते मी मंडळीपुढे एकदा हातात धरलं होतं, तेव्हा त्यांना ते देणं लागतो असं मला वाटलं. गेल्या रविवारी वाचून दाखवलं. आधी माझं सांगितलं, की मला दिसत नव्हतं आणि वर्षाहून अधिक मी तुझ्या नावावर बोलत होतो. मग तुझं वाचलं. पंच रागावले. त्यांचं बरोबर आहे. घर महिनाअखेर रिकामं करायचं आहे, मी सोलापूरला राहीन. इथली जागा आता तुझीही नाही आणि माझीही नाही, तेव्हा तू यायचं की नाही ते मोकळेपणाने ठरव. प्रार्थना येत नाही म्हणतोस, तर नको करूस, मी करतो आहे. तुझ्या आईचं मी बोललो ते तू लिहिलं नव्हतंस हे आता कळलं. पण तू लिहिलं असतंस असं मला तेव्हा वाटलं. पहिल्या रविवारचं पत्र सोलापूरच्या पत्त्यावर पाठव. अक्षर मोठं काढ. मुंग्या वाचून डोळे दुखतात.’

तू लिहिलं असतंस असं मला वाटलं. मी लिहिलं होतं. तीन ठिकाणी वाचूनही दाखवलं होतं. फक्त त्यांना सोडून.

संध्याकाळी पोस्टातून निळं एअर लेटर आणलं. विसावी तारीख अजून लांब होती. टेबलाशी बसलो आणि मराठीत, शाळेत पाटीवर काढतात तेवढ्या अक्षरात, आई जात्यावर बसायची ते लिहायला घेतलं. मी जागा असायचो हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं, ते लिहिलं. ती मधेच थांबून दाण्याची मूठ घालायची आणि तेवढ्यात पुढची ओळ जुळवायची, ते लिहिलं. एवढ्यातच तिन्ही बाजू भरल्या. मी पत्र उलटंसुलटं करून बघितलं, घडीची कडसुद्धा भरून गेली होती. आमेनला जागा उरली नव्हती. तसंच चिकटवलं आणि सोलापूरचा पत्ता घातला.